पहिलं ‘नको’ धरायचं नसतं

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि खालून दिवसभर येणारा ड्रिलचा आवाज. गिऱ्हाईक जिना चढून वर येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर आधीच थोडी वेदना आलेली असायची. त्यात माझा हात नव्हता, पण मला ते सोयीचं पडायचं.

ही गोष्ट सन दोन हजार पाचची. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, अर्थशास्त्रात एम. ए. होतो आणि प्रोग्रॅम लिहायला पुस्तकं वाचून शिकलो होतो. त्यातल्या एका पुस्तकात एक गोष्ट चौकटीत छापली होती: माणसाच्या हातून चूक होते, म्हणून महत्त्वाचं काम करण्याआधी त्याला विचारावं. मला सगळीच कामं महत्त्वाची वाटायची. त्यामुळं माझा प्रोग्रॅम उघडताना विचारायचा, ‘उघडायचा का?’ बंद करताना विचारायचा, ‘बंद करायचा का?’ हो म्हटलं की विचारायचा, ‘नक्की?’ एका मंगल कार्यालयाला मी हॉलच्या बुकिंगचा प्रोग्रॅम करून दिला होता. तिथल्या मॅनेजरनं कंटाळून एंटरच्या बटणावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवून दिलं. वजनानं सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं आणि एका मुहूर्तावर एका हॉलात दोन नवरदेव येऊन उभे राहिले. मॅनेजर मला म्हणाला, ‘‘तुमच्या मशीननं विचारलं नव्हतं असं मी म्हणत नाही.’’ एवढा समंजस माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

अशा ऑफिसात दीक्षा नोकरीला आली.

ती शाहूवाडीकडची. वडील, गुंडूराव, एसटीत कंडक्टर. पोरीनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तोपर्यंत त्यांची हरकत नव्हती, पण दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत पोरीचं भवितव्य आहे, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी डी. एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. मास्तरीण झाली की पगार, सुट्ट्या आणि मान, तिन्ही एका जागी. बापलेकीत ठराव असा झाला होता की एकतीस मेपर्यंत ती माझ्याकडं कायम झाली तर राहायचं, नाहीतर जूनला डी. एड. मी तिला आल्या दिवशीच सांगितलं होतं, की डॉक्टर इंगवल्यांचं नवं काम येतंय, ते टिकलं तर तू कायम. ते टिकलं नसतं तर मीही कायम होतो की नाही याची मला शंका होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली.

‘‘सर, मंगल कार्यालयाच्या प्रोग्रॅमात एक्केचाळीस ठिकाणी प्रश्न विचारलाय.’’

‘‘वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत ते.’’

‘‘वापरणारा वजन ठेवून बाहेर गेलता, सर.’’

तिनं अडतीस प्रश्न काढून टाकले. उरलेल्या तीन प्रश्नांबद्दल तिचं म्हणणं असं, की जिथून मागं फिरता येत नाही तिथंच विचारायचं. बाकी ठिकाणी सांगितलेलं काम करून टाकायचं आणि चुकलं तर परत फिरायला वाट ठेवायची. आणि विचारायचं ते एकदाच.

‘‘एकदाच का?’’ मी म्हटलं. माझा ‘नक्की?’ मला जवळचा होता.

‘‘बाबा गाडीत एकदाच विचारतात. ‘कुठं?’ दुसऱ्यांदा विचारत बसले तर गाडी मलकापूरला पोचेल की.’’

डॉक्टर संग्राम इंगवले हे लहान मुलांचे डॉक्टर. दवाखाना सातव्या गल्लीत. त्यांची अडचण साधी होती. नवव्या महिन्याच्या गोवराच्या लशीपर्यंत पोरं वेळेवर यायची. त्यानंतर दीड वर्षाचा बूस्टर असतो, तो सगळे विसरायचे. ‘‘अंगावरचं पोर रडतं, म्हणून आईला दवाखाना आठवतो,’’ डॉक्टर म्हणायचे. ‘‘दीड वर्षाचं पोर पळत असतं. पळणाऱ्या पोराला धरून सुई टोचायची आठवण कुणाला होणार?’’ बूस्टरचा वार शुक्रवार. दर शुक्रवारी तीसेक पोरं यायला हवी होती, यायची पाच नाहीतर सहा. डॉक्टरांनी पोस्टकार्डं पाठवून पाहिली. एक पोस्टकार्ड पोचलं तेव्हा पोराचं नाव बालवाडीत घातलेलं होतं.

आता घरोघरी निदान एक मोबाईल आला होता. दीक्षानं डॉक्टरांचा जुना मोबाईल वायरनं कॉम्प्युटरला जोडला. रोज सकाळी दहाला प्रोग्रॅम यादी बघायचा, तीन दिवसांवर कुणाचा डोस आहे ते शोधायचा आणि त्या घरी मेसेज पाठवायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर, दोन ओळींचा.

डॉक्टरांची एकच अट होती. ‘‘विचारल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही. मला स्वतःला दिवसाला दहा मेसेज येतात. भविष्य विचारा, गाणं लावून घ्या. त्या रांगेत माझं नाव नको.’’

म्हणून दीक्षानं एक चौकट केली. काउंटरवर सलिमाभाभी बसायच्या, वीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी पोराचं नाव घातलं की पडद्यावर यायचं: ‘पुढच्या डोसांची आठवण मोबाईलवर पाठवायची का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. भाभींनी मोठ्यानं वाचायचं, आईनं उत्तर द्यायचं, भाभींनी बटण दाबायचं. एकदा ‘नको’ म्हटलं की ती चौकट त्या माणसाला जन्मात परत दिसायची नाही. हे दीक्षाच्या तत्त्वाचं होतं. ‘‘माणसानं नको म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे त्याचं ऐकलंच नाही असं होतं, सर.’’

मार्चअखेरीला यंत्र सुरू झालं. एप्रिल संपला आणि आम्ही आकडा काढला. चारशे बारा जणांना विचारलं होतं. ‘हो’ म्हणणारे तेवीस. त्यातल्या दोघी पुण्याहून माहेरपणाला आलेल्या होत्या.

दीक्षानं आकडा तीनदा तपासला. यंत्रात खोट नव्हती. तेवीस जणांना मेसेज गेले आणि तेवीसच्या तेवीस पोचले. कोल्हापुरात इतकं बिनचूक काम मी एरवी पाहिलं नव्हतं. फक्त ते कुणालाच नको होतं.

‘‘मी सांगतो,’’ मी म्हटलं. ‘‘‘नको’ दाबलं की पुढं ‘नक्की?’ असं विचारायचं.’’

तिनं माझ्याकडं बघितलं. पण एकतीस मेला जेमतेम महिना उरला होता. तिनं मान हलवली आणि चौकट घातली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला.

‘‘सर, तुमचं मशीन बहिरं हाय का ओ?’’ सलिमाभाभी होत्या. ‘‘बायका म्हणाय लागल्यात, आत्ता तर सांगितलं, परत काय विचारतीस? एकीनं तर मलाच विचारलं, भाभी, कानाचं औषध घालता का कधी.’’

संध्याकाळपर्यंत भाभी न वाचताच एंटर दाबू लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आम्ही ‘नक्की?’ काढला.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, डॉक्टर स्वतःच जिना चढून आले. दवाखाना सोडून आलेला डॉक्टर म्हणजे बातमी बरी नाही, हे पेशंटला कळतं तसं मलाही कळलं.

‘‘मी बसत नाही,’’ डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले.

‘‘चहा सांगतो.’’

‘‘नको, नको.’’

‘‘अर्धा घ्या.’’

‘‘नको हो, आत्ताच झालाय घरी.’’

‘‘असू दे की. आमच्याबरोबर एक घोट.’’ मी खिडकीतून खाली गाड्यावर तीन चहा सांगितले.

डॉक्टर मुद्द्यावर आले. ‘‘हे बघा, तुमचं काम चांगलंय. पोरगी हुशार आहे. पण लोकांना नकोय. चारशे बारातले तीनशे एकोणनव्वद नको म्हणाले. लोकशाही आहे. उगाच भाभींच्या डोक्याला ताप. वायर काढून घ्या आणि मोबाईल परत द्या, माझ्या आईला होईल.’’

दीक्षा तिच्या कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ करून बसली होती. माझ्या डोळ्यांपुढं डी. एड.चा फॉर्म आला. तो मी पाहिलेला नव्हता, तरी त्याचा रंग मला दिसला.

चहा आला. डॉक्टरांनी एक घोट कपातून घेतला, चांगला लागला असावा, मग बशीत ओतून सावकाश सगळा संपवला.

‘‘डॉक्टर,’’ दीक्षा म्हणाली, ‘‘तुम्ही नको म्हणाला होता.’’

‘‘कशाला?’’

‘‘चहाला. दोनदा.’’

डॉक्टर हसले. ‘‘अगं, ते म्हणायचंच असतं.’’

‘‘मग सरांना कसं कळलं, की खरं नको नाही ते?’’

‘‘त्यात काय कळायचंय? पहिलं नको धरायचं नसतं.’’

खालचं ड्रिल नेमकं तेव्हाच थांबलं. दीक्षा एकदा रिकाम्या बशीकडं बघत होती, एकदा पडद्याकडं.

‘‘मी धरलं,’’ ती म्हणाली. ‘‘तीनशे एकोणनव्वद जणांचं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे ते म्हणायचं म्हणून नको म्हणत होते, आणि मी लगेच लिहून घेतलं, आणि परत विचारायचंच नाही असं मशीनला सांगून ठेवलं.’’

डॉक्टरांना गंमत वाटली. ‘‘कोल्हापूरची असून तुला हे ठाऊक नाही? घरी कुणी शिकवलं नाही होय?’’

‘‘आमच्यात नाही तसं,’’ दीक्षा म्हणाली. ‘‘आमच्या आजोबांना गावात कुणी चहाला विचारायचंच नाही. त्यामुळं कधी कुणी विचारलं की लगेच हो म्हणायचं, नको असलं तर लगेच नको. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबायची सवयच लागली नाही.’’

एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं तिनं हे सांगितलं. तक्रार नव्हती. डॉक्टर बशी हातात घेऊन राहिले, ठेवायला जागा मिळेना त्यांना. आमच्या जुन्या घरी मागच्या परड्यातल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. तो कुणासाठी ठेवलाय, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. माझी विचारण्याची सगळी हौस पुढं प्रोग्रॅमात बाहेर पडली.

‘‘किती दिवस पाहिजेत तुला?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘महिनाअखेरचा शुक्रवार येऊ द्या.’’

‘‘बरं. तोपर्यंत राहू दे वायर.’’

दुसऱ्या दिवसापासून दीक्षा वही घेऊन सलिमाभाभींच्या शेजारी स्टूल टाकून बसली. तीन दिवस तिनं फक्त नकार लिहून घेतले. मी ती वही पाहिलीय. ‘नको, कशाला उगं’: घेणार. ‘नको, तुम्हाला तसदी’: नक्की घेणार. ‘नको’ म्हणून चपला शोधायला लागली: खरंच नको. ‘ह्यांना विचारून सांगते’: नको, पण तसं म्हणवत नाही.

शिकवणी भाभींची होती. ‘‘आमच्यात बी असंच की गं. ईदला पावणं आलं की शीरखुर्म्याला पहिलं नको म्हणणार. मग आपण काय म्हणायचं?’’

‘‘परत विचारायचं, घेणार का?’’

‘‘अगं नाही! तेच परत विचारलं तर पावणं म्हणतंय, हिला ऐकाय येत न्हाय. थोडं कमी करून विचारायचं. वाटी नको तर अर्धी वाटी. अर्धी नको तर चमचाभर, चवीपुरता. मग त्याला वाटतंय, माया हाय.’’

‘‘आणि चमचाभर पण नको म्हटलं तर?’’

‘‘तर त्याला साखर असणार. गप बसायचं.’’

दीक्षानं वहीत लिहिलं. मग ऑफिसात येऊन तिनं दोन दिवस प्रोग्रॅम बदलला आणि आधीचे सगळे ‘नको’ पुसून टाकले. नाव घालताना पहिली चौकट पूर्वीसारखीच यायची. ‘नको’ म्हटलं की यंत्र हुज्जत न घालता बाजूला व्हायचं. पोर तपासून झालं, आई बाहेर आली, भाभींनी कार्ड परत हातात दिलं, की मग दुसरी चौकट: ‘बरं, सगळ्यांची नको. फक्त पुढच्या एका डोसाची आठवण पाठवू?’ त्यालाही ‘नको’ आलं की तिसरा प्रश्न नाही. तिथं फक्त भाभींसाठी एक ओळ उमटायची: ‘यांना खरंच नको आहे. आग्रह करू नये.’

शिवाय प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक ओळ यायची, की निरोप नको असतील तर सलिमाभाभींना सांगावं. मागं फिरायला वाट.

मी सुचवलं, की तिसऱ्या वेळी एक साधं ‘नक्की?’ घालायला काय हरकत आहे. ती नको म्हणाली. मी पहिलंच नको धरलं.

शेवटच्या शुक्रवारी ज्यांचा बूस्टर होता अशी एकतीस नावं यादीत होती. आधी त्यांना गाठायचं ठरलं. मे महिन्यात लहान पोरं कशानं ना कशानं दवाखान्यात येतातच, कुणाला जुलाब, कुणाच्या अंगावर घामोळं. जी आली नाहीत त्यांच्या घरी भाभींनी काउंटरवरून फोन लावले. काही लागले, काही नाहीत.

यादीतल्या एका पोरीची आजी बायडाबाई, हुपरीच्या. घरात पैंजणांचा कारखाना, म्हणजे पुढच्या सोप्यात मुलगा आणि सून चांदीच्या कड्या डाग देऊन जोडत बसायची आणि नातीला सांभाळायचं काम बायडाबाईंकडं. नातीचं नाव अक्षता. एप्रिलात बायडाबाई इतक्या मोठ्यानं नको म्हणाल्या होत्या, की आतल्या खोलीत डॉक्टरांना ऐकू गेलं होतं. पंधरा मेच्या पुढं त्या नातीचा खोकला घेऊन आल्या. दीक्षा स्टुलावर होती.

भाभींनी नाव घातलं. ‘‘आज्जी, अक्षताच्या डोसांची आठवण मोबाईलवर धाडू का?’’

‘‘नको गं बाई. मागं बी सांगितलं की. कशाला उगं.’’

‘‘बरं,’’ भाभी म्हणाल्या आणि गप्प बसल्या. बायडाबाई आत जाता जाता एकदा वळून बघून गेल्या. वहीत नोंद आहे: ‘वळून बघितलं.’

खोकला तपासून झाला. बाहेर आल्यावर भाभींनी कार्ड दिलं आणि पडद्यावरचं वाचलं. ‘‘सगळ्या डोसांची नको तर ऱ्हाऊ दे. सत्तावीस तारखेला बूस्टर हाय, त्या एकाचीच धाडते.’’

‘‘एकाचीच व्हय?’’

‘‘एकाचीच.’’

‘‘तुमाला तरास न्हाय न्हवं?’’

‘‘मला कसला? मशीन धाडतंय.’’

‘‘मशीनला तरी कशाला तरास...’’ बायडाबाईंनी पदर सावरला, नात काखेत घेतली, दोन पावलं दाराकडं टाकली. दीक्षाची पेन्सिल चपलांच्या नोंदीवर येऊन थांबली. मग बायडाबाई दारातून म्हणाल्या, ‘‘धाडा मग. पर लेकाच्या नंबरावर नगा धाडू, त्यो फोन बगत न्हाय. सुनंच्या नंबरावर धाडा.’’

एप्रिलपासून किती नंबर न बघणाऱ्या लेकांचे असतील, हा हिशेब दीक्षानं त्याच दिवशी काढायला घेतला. पुढं नंबर विचारताना यंत्र ‘मोबाईल नंबर’ एवढंच विचारेना. ते विचारू लागलं, ‘घरात मेसेज कोण वाचतं? त्यांचा नंबर.’

सत्तावीसच्या शुक्रवारी मी सकाळी साडेनऊलाच डॉक्टरांकडं जाऊन बसलो. बरोबर पोर नसलेला असा बाकावर मी एकटाच. दीक्षा काउंटरच्या आत होती. तिनं एकतीस नावांची यादी छापून आणली होती आणि आलेल्या नावापुढं टिक करत होती. दहापर्यंत तीन टिका झाल्या. सव्वादहाला चौथी. मग बराच वेळ कुणी नाही. डॉक्टर एकदा बाहेर डोकावले, यादीकडं बघितलं आणि आत गेले. दीक्षानं पेन्सिलीला टोक केलं. टोक होतंच.

‘‘पाच-सहा तर दर शुक्रवारी येतात,’’ मी धीर देण्यासाठी म्हटलं. त्यानं धीर येत नाही, हे मला म्हणून झाल्यावर कळलं.

पावणेअकराला बाहेर रिक्षा थांबली. तिच्यातून एकाच रिक्षात मावतील त्यापेक्षा जास्त माणसं उतरली. त्यांच्यामागं दुसरी रिक्षा. आधी पैंजणांचा आवाज आत आला, मग अक्षता पळत आली, मग तिच्यामागं बायडाबाई, आणि त्यांच्यामागं हुपरीच्या आणखी पाच बायका, पाच पोरांसह.

‘‘भाभी,’’ बायडाबाई म्हणाल्या, ‘‘ह्या दोघी रुसल्यात बगा तुमच्यावर.’’

‘‘का वो?’’

दोघींतली एक पुढं आली. ‘‘आमाला एकदाच इचारलंसा. एप्रिलात. आमी नको म्हटलो आन् तुमी लगीच गप. परत इचारलंच न्हाय. आज्जीला दोनदा इचारलंसा. आमी काय परक्या हाय?’’

सलिमाभाभींनी दीक्षाकडं बोट केलं. ‘‘हिची चूक.’’

‘‘माझी चूक,’’ दीक्षा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. ‘‘तुमचा फोन लागला नाही. आता विचारते. सगळ्या डोसांची आठवण धाडू?’’

‘‘नको,’’ दोघी एकदम म्हणाल्या.

‘‘बरं, एकाच डोसाची?’’

‘‘धाडा.’’

साडेबारापर्यंत यादीतल्या एकतीसपैकी चोवीस नावांपुढं टिक झाली होती. आतल्या खोलीतून पोरांच्या रडण्याचा असा आवाज येत होता, की बाहेरच्या रस्त्यावर एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला. डॉक्टर मध्येच बाहेर आले, हातात रिकामी सिरिंज. ‘‘बूस्टर संपत आले. भाभी, आणखी मागवा.’’ मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘आईसाठी दुसरा मोबाईल घेतो.’’ कोल्हापुरात मंजुरी याच पद्धतीनं मिळते.

जाताना बायडाबाई दीक्षासमोर थांबल्या. ‘‘तू लिवलास व्हय त्यो मेसेज?’’

‘‘हो, आज्जी.’’

‘‘सुनंनं वाचून दावला. नुसतं ‘डोस आहे’ असं लिवलंयस. ‘या’ असं म्हटलंच न्हाईस. बोलवायची काय रीत हाय का न्हाय?’’

दीक्षानं वही उघडून तिथंच लिहून घेतलं. त्या दिवसापासून मेसेजच्या शेवटी दोन शब्द वाढले: ‘नक्की या.’ माझा ‘नक्की’ अखेर प्रोग्रॅमात गेला. त्याच्यापुढचं प्रश्नचिन्ह तेवढं काढावं लागलं.

एकतीस मेला, मंगळवारी दुपारी, गुंडूराव आले. ड्युटी संपवून तसेच आले होते, खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, बगलेत तिकिटांची पेटी. पिशवीतून त्यांनी डी. एड.चा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पूर्ण भरलेला होता. दीक्षाची सही तेवढी राहिली होती. रंग पांढराच होता.

‘‘चहा घेणार?’’ मी विचारलं.

‘‘घेतो. साखर कमी.’’

मी ‘अर्धा तरी घ्या’ म्हणायला श्वास भरून घेतला होता. तो तसाच सोडून दिला.

चहा येईपर्यंत दीक्षानं त्यांना काम दाखवलं. गुंडूराव खुर्ची पुढं ओढून, चष्मा लावून बघत होते. पहिली चौकट बघितली, दुसरी बघितली. तिसऱ्या ठिकाणची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. ‘यांना खरंच नको आहे. आग्रह करू नये.’ मग ती परत एकदा वाचली.

‘‘हे तू लिहिलंस?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मशीन ऐकतंय?’’

‘‘ऐकतंय.’’

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी त्यांना सांगितलं, की डॉक्टरांचं काम टिकलंय, बेळगावकडच्या एका बालरोगतज्ज्ञांनीही विचारलंय, आणि उद्यापासून दीक्षा कायम आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष पोरीकडं होतं. चहा आला. त्यांनी तो संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘दीक्षा, डी. एड.ला येतीस?’’

‘‘नाही, बाबा.’’

मी सवयीनं पुढच्या प्रश्नाची वाट बघितली. आमच्या घरी या ठिकाणाहून संध्याकाळपर्यंत चाललं असतं. आधी पोरीला, मग तिच्या आईला, मग पोरीला परत. गुंडूरावांनी फॉर्म उचलला, त्याची चौपदरी घडी घातली आणि पिशवीत, सुट्ट्या पैशांच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिला.

‘‘अहो, एकदा परत विचारून तरी बघा,’’ मी म्हटलं. मला हे का सुचलं, ते सांगता येत नाही. पोरगी राहिली तर माझाच फायदा होता.

‘‘कशाला?’’ गुंडूराव म्हणाले. ‘‘ऐकू आलं की.’’

मग त्यांनी रिकाम्या कपाकडं बघितलं. ‘‘चहा चांगलाय. अजून अर्धा मिळंल काय?’’

माझ्या ऑफिसात कुणी स्वतःहून चहा मागण्याची ती पहिलीच वेळ. मी खिडकीत जाऊन खाली हाक मारली आणि आणखी तीन सांगितले.

‘‘मला नको, सर,’’ मागून दीक्षा म्हणाली.

मी परत वाकून सांगितलं, दोनच.